नियम आणि हुकूम

जून २०२५ मध्ये, शाळा उघडण्याच्या तोंडावर, राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी इयत्ता पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. माजी सैनिकांच्या मदतीने मुलांमध्ये देशप्रेम, व्यायामाची आवड आणि शिस्त रुजवावी, असा त्यामागचा हेतू सांगण्यात आला. अशी घोषणा झाली की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एका बाजूला रस्त्यावरची बेदिली, सार्वजनिक ठिकाणची घाण, रांग मोडण्याची सवय यांचे दाखले दिले जातात आणि 'लहानपणीच वळण लावले असते तर' असा उसासा सोडला जातो. दुसऱ्या बाजूला सहा वर्षांच्या मुलाला कवायतीला कशाला जुंपता, असा सवाल केला जातो. मात्र शिस्त लागली की नियम पाळण्याची बुद्धी आणि कायद्याची जाण आपोआप येते, हे गृहीतक बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना मान्य असते. खरी अडचण या गृहीतकातच आहे.

शिस्त, नियम आणि कायदा हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शाळेच्या भिंतीवरची सूचना, बाईंनी दिलेली ताकीद, सिग्नलचा लाल दिवा आणि राज्यघटना या साऱ्यांची मुलाच्या मनात एकच मोट बांधली जाते, ती म्हणजे 'मोठे सांगतील ते ऐकायचे'. वास्तविक नियम आणि हुकूम यांच्यात मूलभूत फरक आहे. हुकूम देणाऱ्याला तो लागू नसतो. नियम मात्र तो करणाऱ्यालाही बांधतो. कायद्याचे राज्य म्हणून जी गोष्ट आपण मोठ्या शब्दांत सांगतो, तिचा गाभा एवढाच आहे आणि तो आठ वर्षांच्या मुलाला सहज कळू शकतो. ज्या लष्कराचा आदर्श शिस्तीसाठी पुढे केला जातो, तेथेही ही गोष्ट सुटलेली नाही. १९५०च्या लष्कर कायद्याचे ४१वे कलम वरिष्ठाची आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा फर्मावते, परंतु ती आज्ञा कायदेशीर असली पाहिजे, ही अट त्याच कलमात आहे. सैनिकालाही निव्वळ हुकुमाचा ताबेदार न मानणारा कायदा आपल्याकडे पंचाहत्तर वर्षे आहे. प्राथमिक शाळेतील मुलाकडून मात्र आपण बिनशर्त आज्ञापालनाची अपेक्षा धरतो.

गेल्या काही वर्षांत शाळेने मुलांना काय काय शिकवावे, याची यादी वाढतच गेली आहे. अपघात झाला की वाहतुकीचे नियम, अत्याचार उघड झाला की चांगला-वाईट स्पर्श, मोबाइलवरून फसवणूक झाली की सायबर सुरक्षा, राज्यघटनेवर वाद पेटला की उद्देशिका. राज्यातील शाळांमध्ये रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असा शासन निर्णय २०१३ सालीच झाला होता. अंमलबजावणी मात्र झाली नाही, म्हणून २६ जानेवारी २०२० पासून ते वाचन सक्तीचे करण्याचा निर्णय पुन्हा जाहीर करावा लागला. सरकारनेच केलेला नियम सरकारी यंत्रणेने सात वर्षे बाजूला ठेवावा आणि नंतर तोच नियम मुलांना नियमांचे महत्त्व पटावे म्हणून नव्याने आणावा, यातला विनोद कोणाच्या लक्षात आला नसावा. उद्देशिकेला विरोध असण्याचे अर्थातच कारण नाही. पण 'सार्वभौम' आणि 'प्रजासत्ताक' हे शब्द रोज एका सुरात म्हणणारा तिसरीतला मुलगा त्याच दिवशी 'मधल्या सुट्टीत मैदानावर जायचे नाही, असे कोणी ठरवले?' हा प्रश्न विचारू शकत नसेल, तर ती उद्देशिका प्रार्थनेच्या पुस्तकातले आणखी एक पान होऊन राहते.

मुलांना नियम कळत नाहीत, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. नियमांचे पहिले शिक्षण मूल शाळेत नव्हे, खेळात घेते. लगोरी, लंगडी, आंधळी कोशिंबीर किंवा इमारतीच्या वाहनतळावरचे क्रिकेट दहा मिनिटे नीट पाहिले तरी लक्षात येते की तेथे एक अख्खे विधिमंडळ भरलेले असते. पहिल्या मजल्याच्या काचेला चेंडू लागला तर बाद, एक टप्पा झेल ग्राह्य, राज्य कोणावर येणार, 'टाइमप्लीज' कितीदा म्हणता येणार, हे सारे मुले आपसांत ठरवतात, त्यावर भांडतात, प्रसंगी बदलतात. त्यात 'लिंबूटिंबू' नावाची एक विलक्षण सोय आहे. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण बाद धरायचे नाही. दुर्बलाला वेगळी वागणूक दिल्याशिवाय समान संधी मिळत नाही, हे घटनेच्या अभ्यासकांना पानेच्या पाने खर्चून पटवावे लागणारे तत्त्व सात वर्षांच्या मुलांनी एका शब्दात मिटवून टाकले आहे. 'ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी' हा नियमही तेथेच असतो. तो अन्यायाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तो का चालतो हेही. सत्ता आणि नियम यांचे नाते समजावून देण्यासाठी याहून चांगला पाठ कोणते पाठ्यपुस्तक देईल?

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील ग्रंथात अशाच खेळाचा आधार घेतला होता. गोट्या खेळणाऱ्या मुलांना त्याने विचारले की हे नियम आले कोठून आणि ते बदलता येतील का? लहान मुलांना नियम पवित्र, अनादि आणि अढळ वाटत होते, वडिलांनी किंवा प्रत्यक्ष देवाने दिलेले. दहा-अकरा वर्षांच्या आसपासची मुले मात्र सांगू लागली की सगळे मिळून ठरवतील तर नियम बदलता येतो. गमतीचा भाग असा की नियमांना अढळ मानणारी लहान मुलेच प्रत्यक्ष खेळात ते सर्वांत जास्त मोडत होती आणि नियम आपण केलेले आहेत हे उमगलेली मोठी मुले ते कसोशीने पाळत होती. नियम पवित्र आहे असे सांगत राहिल्याने तो पाळला जात नाही. तो आपला आहे हे कळल्यावर पाळला जातो. 'आधी पाळायला शिकवा, कारणे मोठेपणी कळतील' असे म्हणणाऱ्यांनी या निरीक्षणाकडे जरूर पाहावे.

पियाजेचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. इलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या संशोधनात दाखवले की अगदी लहान मुलेही सगळे नियम एका तागडीत तोलत नाहीत. बाईंनी परवानगी दिली तर गणवेशाशिवाय शाळेत यायला हरकत नाही, असे चार-पाच वर्षांचे मूल सांगते. पण बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारायला हरकत नाही का, असे विचारले की बहुतेक मुले 'नाही' म्हणतात. कोणी परवानगी दिली तरी मारणे वाईटच, हे त्यांना ठाऊक असते. म्हणजे रूढीचा नियम आणि न्यायाचा नियम यांतला फरक मूल घरून घेऊनच येते. मग केस दोन वेण्यांत बांधले नाहीत म्हणून होणारी शिक्षा आणि वर्गमित्राचे डोके फोडले म्हणून होणारी शिक्षा सारख्याच आवाजात, सारख्याच कडकपणे देऊन शाळा तो फरक पुसण्याचे काम करते.

बालभारतीच्या २०१५ सालच्या पाचवीच्या 'परिसर अभ्यास, भाग एक' या पुस्तकात 'नियम सर्वांसाठी' नावाचा एक पाठ आहे. त्यापूर्वी 'कौटुंबिक मूल्ये' आणि त्यानंतर 'आपणच सोडवू आपले प्रश्न' असा पाठांचा क्रम लावलेला आहे. घरातून नियमांकडे आणि नियमांतून सामूहिक निर्णयाकडे जाणारी ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, याबद्दल पाठ्यपुस्तक मंडळाला दाद दिली पाहिजे. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांवर टीका करणे हा एक सोपा उद्योग होऊन बसला आहे. येथे दोष पुस्तकाचा नाही. 'सर्वांसाठी' हा शब्द पुस्तकाबाहेर पडताच त्याचे काय होते, हा प्रश्न आहे. मुलांना मोबाइलबंदी असलेल्या वर्गात शिक्षकांचा मोबाइल वाजतो. उशीर झालेल्या मुलाला दाराबाहेर उभे करणाऱ्या शाळेत प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येतात आणि मुले उन्हात त्यांची वाट पाहत बसतात. मुलांना हे दिसते. ती बोलत नाहीत, एवढेच.

आणि या 'सर्वां'त शिक्षकही येतात, हे सांगणारा खराखुरा कायदा अस्तित्वात असताना तो मुलांना कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. मनाई मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. प्राथमिक शाळेतील मुलाच्या रोजच्या आयुष्याला थेट भिडणारा असा दुसरा कायदा शोधून सापडणार नाही. संसदेची रचना, राज्यपालांचे अधिकार हे सारे त्याच्यापासून कोसो दूर आहे; सतरावे कलम त्याच्या बाकापाशी आहे. तरीही नागरिकशास्त्राचा तास घेताना हे कलम फळ्यावर लिहिणारे शिक्षक किती असतील? लिहिले तर मुले उलटून बोलतील, ही भीती. म्हणजे कायदा ठाऊक झाल्याने मुलांची शिस्त बिघडेल, असे आपण शाळेतच मान्य करतो. मग त्याच मुलांनी मोठेपणी कायद्याला मान द्यावा, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

या गोंधळाची सर्वांत भयंकर किंमत कोठे मोजावी लागते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखवले. एका शाळेच्या पूर्वप्राथमिक वर्गातील दोन लहानग्या मुलींवर शाळेतच काम करणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप झाला. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला, २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२चा कायदा, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो, असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असणाऱ्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. न कळवणे हाही गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी अधिक कडक शिक्षा आहे. कायद्यात उणीव नव्हती. त्यानंतर शाळाशाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, समित्या आणि 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' यांचे तास सुरू झाले, ते योग्यच झाले. पण या तासाला मुलाला जे सांगितले जाते, ते उरलेल्या सर्व तासांच्या विरुद्ध असते. दिवसभर 'मोठ्यांचे ऐका' आणि एका तासापुरते 'मोठ्यांचे ऐकू नका, ओरडा, पळा, सांगा'. ज्या मुलाला प्रौढाची आज्ञा आणि नियम एकच आहेत असे वर्षानुवर्षे शिकवले, ते ऐन वेळी प्रौढाला 'तुम्ही नियम मोडताय' असे कसे म्हणेल? मुळात ते तसे म्हणू शकते, हेच त्याला माहीत नसते. मुलाचे मौन हे अत्याचार करणाऱ्याचे सर्वांत मोठे संरक्षण असते आणि ते मौन आपण 'गुणी मूल' या कौतुकाखाली जोपासलेले असते.

बदलापूर प्रकरणाचा पुढचा भागही येथे विसरता येत नाही. आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये, खटला चालण्यापूर्वीच, पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात ठार झाला. त्याचे स्वागत करणारे फलक मुंबईत लागले. शाळेत जाता-येता ते फलक वाचणाऱ्या मुलांना त्या आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला कोणी काय सांगितले असेल, हे जाणून घ्यायला आवडेल.

हुकूम आणि कायदा यांतला फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका शाळकरी प्रकरणातच अत्यंत स्वच्छपणे सांगून ठेवलेला आहे. केरळमधील तीन भावंडे, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण स्वतः गात नसत. त्यांच्या पंथाची श्रद्धा तशी होती. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. ओ. चिनप्पा रेड्डी यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीताच्या अवमानाविरुद्ध कायदा आहे, पण ते गायलाच हवे असा कायदा नाही. शाळेने आधार घेतलेली शिक्षण खात्याची परिपत्रके म्हणजे कायदा नव्हे आणि अशा परिपत्रकांच्या बळावर मूलभूत हक्कांचा संकोच करता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. मुलांनी राष्ट्रगीत गावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. बहुसंख्य वाचकांना मुलांनी ते गायलेलेच आवडेल. परंतु हा वाद आवडीनिवडीचा नव्हता. मुख्याध्यापक, खात्याचा अधिकारी आणि परिपत्रक या तिन्हींच्या वर आणखी काहीतरी आहे आणि पाचवीतली मुलगी त्याच्याकडे दाद मागू शकते, हे त्या निकालाने दाखवले. शाळांतून सांगण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट कायद्याच्या इतिहासात क्वचित मिळेल. ती पाचवीच्या वर्गात सांगायला काय हरकत आहे?

आपला फौजदारी कायदा तर प्राथमिक शाळेच्या वयाकडे विशेष लक्ष ठेवून आहे. १८६०च्या दंडसंहितेतील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही विसाव्या आणि एकविसाव्या कलमांत कायम राहिली. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी परिपक्वता मुलाला आलेली नसेल, तर तेही गुन्हा ठरत नाही. अठरा वर्षांखालील साऱ्यांसाठी बालन्याय कायद्याची निराळी व्यवस्था आहे, तो भाग वेगळा. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की समज येण्याची जी पाच वर्षे कायद्याने मोजली, ती दुसरी ते सहावीची वर्षे आहेत. समज काठीने येत नाही आणि कवायतीनेही येत नाही. कृत्याचा परिणाम काय झाला, कोणाला लागले, कोणाचे नुकसान झाले, भरपाई कशी करायची, यावर कोणीतरी मुलाशी बोलावे लागते. चाळीस मुलांच्या वर्गात ते बोलायला वेळ कोणाला आहे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे यायलाच हवे.

पण त्याआधी घराकडे. शहरी पालक या विषयात शाळेकडे बोट दाखवतो, तेव्हा उरलेली बोटे कोणाकडे असतात हे तो सोयीस्करपणे विसरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. सकाळी सात वाजता कोणत्याही शाळेच्या दारात उभे राहून हेल्मेट घातलेली मुले मोजावीत. हाताची बोटे पुरतील. पुढे उभे केलेले, मध्ये बसवलेले आणि मागे दप्तर सांभाळणारे, अशी तीन मुले घेऊन उलट्या दिशेने येणारा पालक 'पोलीस नाही ना, बघ जरा' असे ज्या मुलाला सांगतो, त्याला नियमाचा अर्थ पक्का समजतो. नियम म्हणजे पोलीस असताना करायची गोष्ट. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, म्हणून देशभर संताप झाला. त्याच दुरुस्तीने घातलेले १९९ अ हे कलम अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पंचवीस हजार रुपयांचा दंड सांगते. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह काही प्रौढांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. त्या प्रकरणातला निबंध हास्यास्पद ठरला खरा, पण तीनशे शब्दांत सगळे आटोपते, ही समजूत एकट्या त्या मंडळाची नव्हती. आपण शाळांकडूनही 'वाहतुकीचे नियम' याच विषयावर दरवर्षी तेवढ्याच शब्दांचे निबंध लिहून घेतो.

आणखी एक गोष्ट शहरातील वाचकांच्या अगदी उंबरठ्यावरची. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' असा फलक असतो. हा नियम मुलांविषयी आहे, पण तो ठरवताना एकाही मुलाला विचारलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे बारावे अनुच्छेद सांगते की मुलाशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला आहे आणि वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन दिले गेले पाहिजे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. मुलांचे मत मान्यच करा, असे ती म्हणत नाही. दुपारी दोन ते चार आजी-आजोबांची झोप महत्त्वाची आहे, हे मुलांना समजावून सांगितले तर कळते. चार ते सहा खेळू द्या, असे मुले सुचवतात आणि तडजोड होते. तडजोडीतून निघालेला हा फलक मुले स्वतःच रंगवतील. वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहनतळावर तीन-तीन तास भांडणाऱ्या सभासदांना एवढ्यासाठी अर्धा तास काढणे अवघड नाही.

आता शाळांनी आजवर केलेल्या प्रयत्नांकडे. जिल्हा परिषदेच्या आणि अनेक खासगी शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मुले अर्ज भरतात, प्रचार करतात, हल्ली मोबाइलवर मतदान यंत्र तयार करून मतदानही घेतात. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री निवडले जातात. उपक्रम देखणा आहे, पण त्यातली एक उणीव आपल्या एकंदर राजकीय कल्पनेचाच आरसा आहे. शाळेत मंत्रिमंडळ असते, विधिमंडळ नसते. मंत्री असतात आणि त्यांना कामे वाटून दिलेली असतात. नियम मात्र आधीच ठरलेले असतात. मंत्र्याला प्रश्न विचारणारे सभागृह नाही, ठराव नाही, ठराव फेटाळला गेला तर त्याची कारणे नाहीत. लोकशाही म्हणजे निवडणूक आणि नंतर हुकूम, हे मुले चौथीतच शिकतात. इंग्लंडमधील समरहिल शाळेत, ए. एस. नील यांनी ती १९२१ साली सुरू केली तेव्हापासून, शाळेचे बहुतेक नियम सभेत ठरतात आणि सहा वर्षांच्या मुलाच्या मताचे मूल्य मुख्याध्यापकाच्या मताइतकेच असते. ते टोक आपल्याकडे झेपणार नाही, आणि झेपायला हवे असेही नाही. पण महिन्यातून एकदा वर्गसभा, एकच विषय, त्यावर मुलांची मते आणि शिक्षकांचे उत्तर, एवढे अशक्य कोटीतले नाही. महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या पुढाकाराने २००९ साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेला 'मूल्यवर्धन' उपक्रम याच दिशेचा होता आणि पुढे राज्य शासनाने तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. वर्गाचे नियम मुलांनी मिळून ठरवणे, जोडीत आणि गटात चर्चा करून निर्णयाला येणे, अशा कृतींतून घटनात्मक मूल्ये पोहोचवण्याचा तो प्रयत्न आहे. त्याच्या आधी कितीतरी वर्षे ताराबाई मोडकांनी माँटेसरीची पद्धत इथल्या मातीत रुजवली. त्या पद्धतीत प्रत्येक साधन वर्गात मुद्दाम एकच ठेवलेले असते. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबायचे, हा नियम तिथे कोणी ओरडून सांगत नाही. तो फळीवरच्या रिकाम्या जागेतून कळतो.

शिक्षकांची बाजू येथे सांगितलीच पाहिजे. शिक्षक स्वतः हुकुमांच्या राज्यात जगतात. सकाळी मोबाइलवर आलेला आदेश, दुपारपर्यंत भरून द्यायची माहिती, संध्याकाळी त्याच माहितीचा नवा नमुना. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली आहे. या मनाईचे काय झाले, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारावे. आपल्यासाठी केलेला कायदा आपल्याला वाचवू शकत नाही, हा ज्यांचा रोजचा अनुभव, त्यांनी मुलांना कायद्यावर विश्वास ठेवायला शिकवावे, अशी ही व्यवस्था आहे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्याने वर्गसभा कधी घ्यावी? म्हणूनच या शिक्षणासाठी नवा विषय, नवे पुस्तक, नवा तास देण्याची सूचना कोणी करू नये. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. 'गोंगाट करू नका' याऐवजी 'शेजारच्या वर्गात परीक्षा चालू आहे' असे म्हणायला तितकीच सेकंदे लागतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मुलांना प्रत्येक नियमाचे कारण विचारायला शिकवले तर घरात आणि वर्गात कज्जेदलालच तयार होतील. आक्षेपात तथ्य आहे. अशी मुले काही काळ त्रासदायक होतात. रस्ता ओलांडताना हात धरण्याचा नियम चर्चेला ठेवता येत नाही, गॅसच्या शेगडीवर मतदान घेता येत नाही आणि प्रत्येक नियम बदलण्याजोगा असतो हेही खरे नाही. किंबहुना मुलांना ज्या गोष्टी शिकवायच्या, त्यांत हीसुद्धा आहे की काही नियम आधी पाळायचे असतात आणि त्यांच्याविषयी बोलायचे ते नंतर. मतभेद असूनही नियम पाळणे आणि तो बदलण्यासाठी योग्य दारावर जाणे, ही तर प्रौढ नागरिकाचीही कसोटी आहे. पण योग्य दार असते, हे मुलाला कधी कळणार? ज्याला ते दार माहीत नाही, त्याच्यासमोर दोनच मार्ग उरतात, मुकाट मान खाली घालणे किंवा संधी मिळताच नियम धाब्यावर बसवणे. आपल्या रस्त्यांवर हे दोन्ही मार्ग एकाच माणसात नांदताना दिसतात. साहेबापुढे वाकलेला माणूस सिग्नलवर मोकाट असतो.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम लागू होऊ लागला आहे. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीसाठी परिसर अभ्यासाच्या जागी आपल्या सभोवतालच्या जगाचा एकात्मिक विषय सुचवलेला आहे. या फेरमांडणीत 'नियम सर्वांसाठी' हा पाठ कोणत्या रूपात राहतो, हे पाहावे लागेल. पाठाखालच्या स्वाध्यायात 'तुमच्या शाळेतील पाच नियम लिहा' हा प्रश्न येणारच. त्याच्या पुढे 'यांतील कोणते नियम शिक्षकांनाही लागू आहेत?' हा दुसरा प्रश्न छापायला मंडळाला एक ओळ पुरेल. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना मात्र जरा जड जाईल.